व्हाउचरविना नोंद

छत्तीस वर्षे बँकेत काढली, परंतु शिष्यवृत्ती नावाची गोष्ट माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. विद्यार्थिदशेत तेवढे गुण नव्हते. ती आली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तीही ज्या कामाचा एक पैसाही मिळत नाही अशा कामासाठी. दि. २८ ते ३० एप्रिल २०२३ या तीन दिवसांत हैदराबाद येथे ‘विकिकॉन्फरन्स इंडिया’ भरली होती. भारतीय भाषांतील विकिपीडियावर विनामूल्य लेखन करणाऱ्या संपादकांची ही परिषद. पहिली मुंबईत २०११ साली झाली, दुसरी चंदीगड येथे २०१६ साली आणि ही तिसरी. प्रवास व निवासाचा खर्च शिष्यवृत्तीतून होणार होता.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौ.ने विचारले, “अहो, मग मानधन किती?” मानधन नाही, असे सांगताच तिने डब्यात घालायच्या दशम्या मोजायला घेतल्या. आपल्या व्यापारी समाजात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. ज्या व्यवहारात जमेची बाजू दिसत नाही, त्यात एवढा वेळ का घालवावा? सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असल्याने सायंकाळची सोय म्हणून दशम्या, शेंगाचटणी आणि खाकरे असा डबा घेऊन मी गुरुवारी गाडीत बसलो. कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद अशी स्थानके मागे पडत होती आणि मी पिशवीतील एक कागद पुनःपुन्हा वाचत होतो. त्या कागदावर माझी तक्रार लिहिलेली होती. ती काय होती हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२०२०च्या टाळेबंदीत घरात बसून करायचे काय, हा प्रश्न निवृत्त माणसाला इतरांहून जास्त छळत होता. वर्तमानपत्र येत नव्हते, मंदिर बंद होते. नातवाने एके दिवशी संगणकावर मराठी विकिपीडिया उघडून दिला आणि “आजोबा, यात चुका असतील तर तुम्हीच दुरुस्त करू शकता,” असे सांगितले. माझा विश्वास बसला नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका गावाच्या पानावर तालुक्याचे नाव चुकले होते, ते मी बदलले. बदल तत्काळ दिसू लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत एकाने नोंद करायची व दुसऱ्याने तपासायची. दुसऱ्याची सही झाल्याखेरीज नोंद खात्यात उतरत नाही. इथे मात्र नोंद आधी जगाला दिसते आणि तपासणी मागून होते. ही रचना टिकेल कशी, असे मला वाटले. पुढे ध्यानात आले की प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ नावाचे आणखी एक पान असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता शब्द घातला वा काढला, हे सारे तिथे जसेच्या तसे राहते. आपल्या जुन्या खतावणीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नसत; त्यावर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत आणि बाजूला सही करीत. ही पद्धत तीच आहे, हे कळल्यावर माझी झोप परत आली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मूळ इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१चा. परिषदेच्या वेळी इंग्रजीत ६६ लाखांहून अधिक लेख होते आणि मराठीत सुमारे ९० हजार. मराठी आवृत्ती घडविणाऱ्यांनी काही शब्द फार गोड योजले आहेत. नवशिक्याने जिथे सराव करायचा त्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सर्वांनी मिळून जिथे चर्चा करायची त्या पानाला ‘चावडी’. मी वर्षभर धूळपाटीवर अक्षरे गिरवली आणि नंतर हौसेने स्वतःच्या आजोबांवर एक लेख लिहिला.

आजोबांची सोलापुरात मंगळवार पेठेत भुसार मालाची आडत होती. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला, हे वाचकांना ठाऊक आहेच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली ती या प्रकरणातूनच. आमच्या घरात अशी कथा चालत आली आहे की, त्या दिवसांत गिरणी कामगारांच्या चाळींत चुली बंद पडल्या, तेव्हा आजोबांनी रात्री मागील दाराने ज्वारीच्या गोण्या पाठविल्या. ही कथा मी आजीच्या तोंडून ऐकली, वडिलांच्या तोंडून ऐकली आणि आता नातवाला सांगतो. माझ्या लेखाचा गाभा हीच कथा होती. ‘थोर दानशूर’, ‘समाजभूषण’, ‘कनवाळू अंतःकरणाचे धनी’ ही विशेषणेही मी योग्य त्या जागी घातली होती. संदर्भ म्हणून दोन गोष्टी दिल्या: कुटुंबातील ज्येष्ठांच्या आठवणी आणि १९७४ सालच्या एका स्मरणिकेतील परिचय.

तो लेख तीन दिवस टिकला. चर्चा पानावर एका संपादकाने अत्यंत सभ्य शब्दांत कळविले होते की, स्वतंत्र व प्रकाशित संदर्भ आढळले नाहीत. मी स्मरणिकेचे नाव पुन्हा लिहिले. उत्तर आले की तो परिचय कोणी लिहिला व कोणाच्या खर्चाने छापला, हे कळेल काय. त्याला मी उत्तर दिले नाही, कारण तो परिचय माझ्या वडिलांनी लिहिला होता आणि त्या पानाचे जाहिरातीच्या दराने पैसे आम्हीच भरले होते.

पिशवीतील कागदावर लिहिलेली तक्रार हीच. ज्या माणसाने मार्शल लॉत माणसे जगविली, त्याला ज्ञानकोशात चार ओळींची जागा नसावी?

परिषदेत पाऊल टाकल्यावर पहिली गंमत नावांची. तिथे पुष्कळजण एकमेकांना सदस्यनावांनीच ओळखतात. वर्षानुवर्षे ज्याच्याशी स्वल्पविरामावरून वाद घातला तो मनुष्य समोर येतो आणि विशीतला विद्यार्थी निघतो. माझ्याकडे पाहूनही दोघांना उलट्या बाजूने तोच धक्का बसला. तमिळ, तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी, ओडिया, कन्नड अशा भाषांचे लोक. मधल्या वेळात हिंदी आणि इंग्रजीची मिसळ. ‘बंध दृढ करणे’ असे परिषदेचे सूत्र होते. व्यासपीठावरील सर्वच भाषणे माझ्या डोक्यात शिरली असे म्हणणार नाही. संगणकीय साधनांवरच्या एका सत्रात मला चक्क डुलकी लागली. खरी परिषद मला बाहेरच्या सोप्यात, चहाच्या कपांजवळ भेटली.

तिथे आम्ही सात-आठजण बसलो असताना मी माझा कागद काढला. शेजारी तेलुगू विकिपीडियावर लिहिणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि हिंदीत विचारले, “आप बैंक में क्या देखते थे?” मी सांगितले, शेवटची बारा वर्षे कर्जविभाग. “मग कर्जदाराने गोदामात इतका माल आहे असे लिहून दिले की तुम्ही पैसे देत होता?”

वाचकहो, त्या क्षणी मला उत्तर ठाऊक होते आणि ते द्यायची इच्छा नव्हती. माल तारण ठेवून कर्ज घेणारा व्यापारी दरमहा मालाचे पत्रक देतो. ते पत्रक आम्ही फाईलला लावत असू. पण भरवसा त्यावर नव्हे. अधिकारी अचानक गोदामात जाई, पोती मोजे, एखादे पोते आतून पाहण्यासाठी उचलायला लावी आणि स्वतःच्या सहीचा अहवाल देई. पत्रक देणारा मनुष्य लबाडच असतो म्हणून नव्हे. सज्जन मनुष्यालाही स्वतःचा माल थोडा अधिकच दिसतो. स्मरणिकेतील परिचय हे आमचे मालाचे पत्रक होते. गोदाम तपासून आलेल्या परक्या माणसाचा अहवाल आमच्याकडे नव्हता.

या नियमाची दुसरी बाजूही त्याच चहाच्या टेबलावर निघाली. ओडिशाहून आलेला एक संताळी तरुण गप्प बसून ऐकत होता. संताळी विकिपीडिया २०१८ साली सुरू झाला आणि तो पंडित रघुनाथ मुर्मू यांनी निर्मिलेल्या ओल चिकी लिपीत लिहिला जातो. तो म्हणाला की त्याच्या समाजाचा इतिहास गाण्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. पुस्तके थोडी, वर्तमानपत्रे त्याहून थोडी. छापील पुरावा आणायचा कोठून? ज्यांच्याकडे छापखाने होते, त्यांचीच स्मृती ज्ञानकोशात शिरावी काय? त्याच्या प्रश्नाला तिथे कोणाजवळच पुरते उत्तर नव्हते. मौखिक परंपरा ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत, असे कोणी सांगितले, आणि तरीही अडचण उरतेच हे सर्वांनी मान्य केले. नियम योग्य असूनही त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे आम्ही बँकवाल्यांनी लहान कर्जदारांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलेले आहे.

मी मात्र त्याच्याकडे पाहून ओशाळलो. त्याच्याजवळ छापखाना नव्हता. आमच्याजवळ तर होता, तोही शंभर वर्षांहून अधिक काळ. सोलापुरातून हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ काढले ते एकोणिसाव्या शतकात. त्याचे जुने अंक आज किती घरांत आहेत? माझ्या घरात एकही नाही. होते, एवढे आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काही भाषांच्या संपादकांचा एक अनौपचारिक गट बसला. प्रत्येकाने आपल्या गावाविषयी पाच मिनिटे बोलायचे होते. मी आजोबांचे नाव काढले नाही. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्याविषयी बोललो. स्वतःच्या न्यायार्जित संपत्तीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न १९४०च्या सुमारास त्यांना पडला, तेव्हा त्यांनी घरी बसून निर्णय घेतला नाही. देशभर हिंडून त्यांनी जैन विद्वानांची मते गोळा केली, काही प्रत्यक्ष भेटून, काही लेखी. पुढे १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथ येथे विद्वानांना एकत्र बोलावून त्यांच्याकडून विचारमंथन करविले आणि जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन करून ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता त्यांनी त्या कार्याला देऊन टाकली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारखे संपादक तिला लाभले. ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये सोलापुरातून निघाला. के. के. हंडिकी यांचा ‘यशस्तिलक’वरील इंग्रजी ग्रंथ १९४९ चा, पां. भि. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म व शिलालेख यांवरील ग्रंथ १९५७ चा. जगभरचे अभ्यासक आजही त्यांचे संदर्भ देतात आणि त्या संदर्भात प्रकाशनस्थळ म्हणून ‘शोलापूर’ असे लिहिलेले असते.

माझी पाच मिनिटे केव्हाच संपली होती, पण कोणी घंटा वाजवली नाही. एका बंगाली गृहस्थांनी विचारले, ही माहिती कोठे छापलेली आहे. मी म्हणालो, ग्रंथमालेच्या पुस्तकांच्या आरंभीच. त्यांनी दुसरा प्रश्न केला, ती पुस्तके विकिस्रोतावर आणता येतील काय. विकिस्रोत म्हणजे याच कुटुंबातील मुक्त ग्रंथालय. इथे मला कायद्याचा नवा धडा मिळाला. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचा स्वामित्वहक्क राहतो. ब्रह्मचारीजींचे निधन १९५७ मध्ये झाले, तेव्हा त्यांचे स्वतःचे लेखन २०१८च्या आरंभापासून मुक्त आहे. हिरालाल जैन १९७३ मध्ये आणि उपाध्ये १९७५ मध्ये गेले. त्यांच्या प्रस्तावना व टिपा अजून मुक्त झालेल्या नाहीत. मूळ प्राकृत गाथा मात्र दीड हजार वर्षे जुन्या मानल्या जातात, त्यांवर कोणाचा हक्क असणार? प्रकाशक संस्थेने आणि वारसांनी मनावर घेतले तर मुदतीआधीही परवानगी देता येते, असे सर्वजण म्हणाले. हक्क सोडणे हा शब्द ऐकल्यावर आपली माणसे दचकतात, हे मला ठाऊक आहे. परंतु मुक्त परवान्यात श्रेय सुटत नाही. लेखकाचे नाव देणे बंधनकारकच असते.

चहाच्या वेळी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा विषय निघाला, तोही मीच काढला. या गृहस्थाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढण्यासाठी नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी स्थापन केली होती. भाग विकून ज्ञानकोश! पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश झाला, तो शासनाच्या पैशाने. आणि आता हा तिसरा प्रकार, ज्यात भांडवल म्हणजे लोकांची रिकामी दुपार. वाणिज्याच्या पदवीधराला यापेक्षा मौजेची तुलना कोणती मिळणार? दुर्दैवाने माझ्या श्रोत्यांपैकी एकही मराठी नव्हता, आणि त्यांनी केतकरांविषयीचे माझे प्रेम केवळ सहन केले.

एका सत्राविषयी व्यापारी बंधूंसाठी मुद्दाम लिहितो. विकिपीडियावर पैसे घेऊन लिहिणे गुप्त ठेवता येत नाही. तसे लेखन असेल तर ते उघड करण्याची अट २०१४पासून आहे. परिचयातील एका उद्योजकाने आपल्या पेढीचे पान तयार करून घेण्यासाठी एका एजन्सीला पन्नास हजार रुपये दिले होते. पान झाले, पंधरा दिवस पाहुण्यांना दाखविले आणि मग नाहीसे झाले. पैसे अर्थातच परत आले नाहीत. याउलट शेठ वालचंद हिराचंद यांचे उदाहरण पाहा. १८८२ साली याच सोलापुरात जन्मलेल्या या पुरुषाची आगबोटी, विमाने आणि मोटारी यांची कहाणी गं. दे. खानोलकरांसारख्या चरित्रकाराने साधार लिहून ठेवली आहे. त्यांच्यासाठी कोणत्याही एजन्सीची गरज पडत नाही.

तटस्थतेच्या चर्चेत माझ्या तोंडून अनेकान्तवाद हा शब्द निघाला. सर्वांना तो आवडला. तेलुगू बाईंना नाही. त्या म्हणाल्या, प्रत्येक बाजूला सारखी जागा देणे म्हणजे तटस्थता नव्हे. ज्या बाजूला पुरावा जितका, तितकी जागा. मी विचार केला आणि शब्द मागे घेतला. वस्तूच्या अनेक बाजू असतात, एवढ्याने प्रत्येकाचे म्हणणे सारख्या वजनाचे ठरत नाही.

पुढची गोष्ट सांगताना अजूनही मन अस्वस्थ होते. शनिवारी रात्री बाईंनी सहज विचारले, आजोबांच्या आडतीचे हिशेब कोठे आहेत. मी म्हणालो, वाड्याच्या माळ्यावर. पाच पोती चोपड्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या, दोरीने गुंडाळलेल्या. आणि बोलता बोलता आठवले की तो वाडा आता पाडायचा आहे, बिल्डरशी करार झालेला आहे, आणि पुतण्याने माळा रिकामा करण्याचे काम त्याच आठवड्यात काढले आहे. निघताना मीच त्याला म्हणालो होतो, “वरचे सगळे काढून टाक, कोणाला लागते!”

रात्री साडेदहा वाजता फोन केला. पुतण्या म्हणाला, “काका, रद्दीवाला गुरुवारीच तीन पोती घेऊन गेला. दोन जड होती म्हणून उद्या येणार आहे.” मी त्याला सांगितले की उद्या त्याला दारातूनच परत पाठव. तो गोंधळला. “काका, त्यात मोडी आहे, आपल्यातल्या कोणाला वाचता येते?” हा प्रश्न अगदी योग्य होता.

बाईंना मी उत्साहाने विचारले, आता या चोपड्या संदर्भ म्हणून चालतील ना? त्या हसल्या. नाही चालणार. चोपड्या अप्रकाशित आहेत, त्यांचा अर्थ लावणारा मीच, आणि मी नातू. विकिपीडियावर मूळ संशोधन करता येत नाही. कोणी जाणकाराने अभ्यासून ते छापावे, मग त्याचा आधार घ्यावा, तोही शक्यतो दुसऱ्या कोणीतरी. “मग वाचवायच्या कशासाठी?” असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. समोरच्या ताटातील भाताकडे पाहत राहिल्या. त्यांच्या सासऱ्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी निघताना सांगितले.

सोमवारी सोलापुरात उतरलो तो थेट रद्दीच्या वखारीत गेलो. तीन पोती त्याच दिवशी सकाळी गठ्ठे बांधून कागदाच्या गिरणीकडे रवाना झाली होती. वखारवाला भला मनुष्य. जमिनीवर पडलेली दोन सुटी पाने त्याने शोधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तीन पोत्यांचे आम्हाला किती मिळाले होते, हे पुतण्याला विचारले. चारशे ऐंशी रुपये.

उरलेल्या दोन पोत्यांत सतरा चोपड्या निघाल्या. गेले दहा महिने दर रविवारी सकाळी नऊ वाजता मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येतात आणि आम्ही एकेक पान वाचतो. मी पानाचे छायाचित्र काढतो, ते वाचतात, सून लिहून घेते. विक्रम संवत १९८६ची चोपडी त्यांत असेल अशी आशा मी धरली नव्हती. दिवाळी १९२९ ते दिवाळी १९३० हे ते वर्ष. ती निघाली. वाळवीने वरचा कोपरा खाल्ला आहे, मजकूर शाबूत आहे.

ती वाचायची त्या दिवशी सौ.ही येऊन बसली. रोजकीर्दीत वैशाखाच्या उत्तरार्धापासून नोंदी विरळ होत जातात. काही दिवशी तिथी लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे. बाजार बंद होता, हे उघड आहे. आम्ही एकेक ओळ बोट ठेवून वाचली. धर्मादाय खात्यात चाळींचे नाव नाही. ज्वारी दिल्याची नोंद नाही, उधारीतही नाही. आषाढाच्या आरंभी, मार्शल लॉ उठल्याच्या सुमारास, मालाच्या खात्यात एक ओळ आहे: ज्वारी, गोण्या बावीस, घट.

मास्तर म्हणाले, उंदरांनी खाल्ली असेल. कर्जविभागात बारा वर्षे काढलेल्या मला बावीस गोण्यांची घट पटत नाही. त्याच चोपडीत आधीच्या सहा महिन्यांत घटीची नोंद दोन गोण्यांची आहे. सौ. म्हणाली, “गुप्तदान कोणी चोपडीत लिहितं का?” तिचे म्हणणे खरे असू शकते. परंतु मार्शल लॉत गोण्या लुटल्या गेल्या असतील, जप्त झाल्या असतील, पावसात भिजल्या असतील. ‘घट’ या दोन अक्षरांत यांतील काहीही बसते. गोण्या उंदरांनी खाल्ल्या की माणसांनी, हे चोपडी सांगत नाही. मी बँकेत असतो तर एवढ्या आधारावर एक रुपयाही दिला नसता.

आजोबांवरचा लेख मी पुन्हा लिहिलेला नाही. ब्रह्मचारी जीवराजजींविषयी ग्रंथमालेतील आणि इतर छापील आधार गोळा करण्याचे काम मात्र चालू आहे. विशेषणे न घालता लिहिणे मला अजूनही जड जाते. या मासिकाच्या संपादकांनी माझ्या आधीच्या लेखांत जी विशेषणे आवडीने राखली, तीच तिथे एक-दोन दिवसांत गळून पडतात. ज्या कुटुंबांत ‘जैन बोधक’चे जुने अंक, जुन्या चोपड्या, संस्थांचे वार्षिक अहवाल किंवा समारंभांची छायाचित्रे असतील, त्यांनी दिवाळीची साफसफाई काढण्यापूर्वी मासिकाच्या कार्यालयात एक फोन करावा. वस्तू आम्हाला नको. घरी येऊन छायाचित्रे काढू आणि तिथेच परत ठेवू.

विद्यापीठात इतिहासात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मार्शल लॉच्या काळातील सोलापूरची बाजारपेठ या विषयात रस आहे. ती सतराही चोपड्या पाहून जाणार आहे. घटीच्या ओळीविषयी मी तिला काहीही सांगितलेले नाही. तिची परीक्षा मे महिन्यात संपते.